नळी काढली तरी गन जिवंत असू शकते

(वरूड भागातील सुतार आणि पेटी-कारागीर यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड लागली की पेट्या ठोकताना तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून हे बोलणं आत्ताच.

हवेच्या दाबानं खिळे ठोकणाऱ्या गनमध्ये खिळा अडकला की बोट ट्रिगरवर तसंच ठेवून आपण दुसऱ्या हातानं गनच्या नाकात पेचकस घालतो. आधी नळी काढा. पण तेवढ्यानं भागेलच असं नाही. मुठीखाली कपलर, म्हणजे नळी जोडायचा सांधा, कसा बसवलाय ते पाहा. वॉल्व्हची मादी बाजू नळीला हवी आणि आरपार भोक असलेली नर बाजू गनला. मग नळी सुटताच आतली हवा फुस्स करून निघून जाते. उलटं बसवलं असेल, तर वॉल्व्ह मिटतो, हवा गनमध्येच कोंडते आणि एक खिळा मारायला ती पुरते. दुकानात मिळाला तो कपलर लावणाऱ्यांनी आज घरी जाऊन हेच पाहावं.

लोडशेडिंगमध्येही तोच घोळ. "लाइन गेली ना बाप्पा, आता काय होते?" अहो, कॉम्प्रेसरची मोटर थांबली, त्याची हवेची टाकी कुठे रिकामी झाली?

सकाळी काम सुरू करण्याआधी खिळे काढा आणि हवा न जोडता नाक दाबून सोडा; ते झटकन परत आलं पाहिजे. चीक-भुसा साचून अडकत असेल तर साफ करा. मग खिळे न भरताच हवा जोडा. ट्रिगर न दाबता नाक लाकडावर टेकवा: ठोका पडता कामा नये. नाक मोकळं ठेवून ट्रिगर ओढा: तरीही नाही. पडला तर गन बाजूला. काही स्वस्त गनला नाकाची सेफ्टी नसतेच, आणि काही बहाद्दर असलेली तारेनं बांधून टाकतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त पट्टी धरायला त्यांच्याजवळ बसत नाही.

दाब गनवर लिहिला असेल तेवढाच, बहुतेक ब्रॅड (बारीक खिळ्यांच्या) गनला 60 ते 100 पीएसआय. हवा कमी पडते म्हणून वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर कधीही जोडू नका. गनमधलं तेल आणि दाबातला ऑक्सिजन मिळाले की स्फोट होतो.

तेल न्यूमॅटिकचंच, दोन-तीन थेंब, हवा आत जाते तिथून. रॉकेलनं हवा अडवणाऱ्या रबरी ओ-रिंग खराब होऊ शकतात. टाकीतलं पाणी रोज सोडा. पावसाळ्यात ते किती निघतं ते बघाच.

मघाशी एका भाऊंनी विचारलं, गन नुसती ठेवली तरी सूं-सूं करत हवा सोडते. साबणाचं पाणी लावून बघा. ट्रिगरपाशी बुडबुडे आले तर तिथला वॉल्व्ह तपासा, वरच्या टोपीखाली आले तर तिथली ओ-रिंग. आणि ठोका मारतानाच नाकातून हवा सुटत असेल, तर आतला रबरी बंपर झिजलाय का ते पाहायचं. पण खोलण्याआधी, भाऊ, नळी काढून.