चालताना सुचलेलं टिकवायचं कसं

नमस्कार मंडळी. आज मला तीन गोष्टींबद्दल बोलायचं आहे, आणि त्या तिन्ही एका माणसाच्या एका सकाळीत बसतात. माणूस फिरायला जातो, फिरता फिरता त्याला काहीतरी सुचतं, घरी येऊन तो ते आपल्या ब्लॉगवर लिहितो. या प्रत्येक टप्प्यावर आज साधन हाताशी आहे. पावलं मोजणारं घड्याळ आहे, बोललेलं टंकून देणारा फोन आहे, लिहिलेलं जगापुढे ठेवणारी फुकट सेवा आहे. ही साधनं वापरून बघावीत, या मताचा मी आहे. फक्त वापरून बघणं म्हणजे काय, ते आधी ठरवू. साधन खरोखर काय मोजतं आणि काय अंदाजानं सांगतं, हे स्वतः पडताळायचं. आणि त्याच्यात आपण जे साठवतो ते उद्या आपल्याला परत मिळेल का, हे पहिल्याच आठवड्यात बघून घ्यायचं.

पावलांपासून सुरुवात करतो, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या मनगटावर आत्ता ते यंत्र आहे. त्यावर बहुधा दहा हजारांचं लक्ष्य लावलेलं असेल. हा आकडा आला कुठून? टोकियोचं ऑलिंपिक १९६४ साली झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा होती, आणि १९६५ मध्ये यामासा या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून जगभर पसरला. संशोधन नंतर आलं. २०१९ साली अमेरिकेत जवळजवळ १७ हजार वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. पुढे पावलं वाढली तसा फायदाही वाढला, पण ७,५०० च्या आसपास तो सपाट झाला. अशा अभ्यासातून चालण्यामुळेच आयुष्य वाढलं असं सिद्ध होत नाही, कारण तब्येत बरी असलेली माणसंच जास्त चालतात. तरी एक गोष्ट मला त्यातून फार मोलाची वाटते. सत्तरीतल्या ज्या आजी ‘माझी दहा हजार होतच नाहीत’ म्हणून चालणंच सोडून देतात, त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं. साडेचार हजार म्हणजे काही थोडं नाही.

आता हे यंत्र मोजतं कसं? त्याला पाय दिसत नाही. त्याच्या आत नखापेक्षाही लहान संवेदक असतो आणि तो तीन दिशांना वेगात होणारा बदल टिपतो. चालताना अंगाला तालात हिसके बसतात, त्या हिसक्यांच्या नक्षीतून यंत्र पावलं ओळखतं. म्हणूनच दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन चाललात की हात हलत नाहीत आणि मनगटावरचं घड्याळ पावलं गाळतं. उलट पोळ्या लाटताना किंवा आरतीत टाळ्या वाजवताना काही घड्याळं बसल्या जागी पावलं जमा करतात. पडताळणी सोपी आहे. मैदानावर जा, तोंडानं मोजत दोनशे पावलं चाला आणि आकडा बघा. मग फोन खिशात ठेवून, मग हातात पिशवी घेऊन तेच करा. अर्ध्या तासात तुमच्या यंत्राचा स्वभाव तुम्हाला कळेल. महागड्या घड्याळाचीही ही परीक्षा घ्यावी. किंमत बघून ती टाळू नये.

पुण्यात पर्वतीवर रोज सकाळी चढणारी मंडळी आहेत. शंभरावर पायऱ्या आहेत, आणि पावलांच्या हिशेबात त्या शंभरच पावलं ठरतात. सपाट रस्त्यावरच्या शंभर पावलांइतक्याच. ज्या घड्याळात हवेचा दाब मोजायची सोय असते ते चढ वेगळा नोंदवतं, कारण साधारण आठ-नऊ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलनं (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. सूर्यनमस्कारांचं तर विचारूच नका. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, ज्या व्यायामाचा गावोगावी प्रसार केला तो पावलांच्या खात्यात जवळजवळ शून्य धरला जातो. जोर-बैठकांचंही तेच. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम तर सांगितला आहेच, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायामही सांगितला आहे. हा दुसरा भाग घड्याळ मोजत नाही, म्हणून तो आपल्या मनातूनही निघून जातो. मला या साधनांचा सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो. जे मोजता येतं तेवढंच करावंसं वाटू लागतं. बैठकांची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं करा, ते साधनही उत्तम आहे.

कॅलरीच्या आकड्याबद्दल मात्र मी स्पष्ट सांगतो, त्यावर विसंबू नका. घड्याळाच्या पोटाशी जो हिरवा दिवा लुकलुकतो तो नाडी मोजण्यासाठी. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके कळतात. हे बऱ्यापैकी नेमकं काम आहे. कॅलरी मात्र नाडी, वय, वजन, उंची यांचं सूत्र मांडून काढलेला अंदाज असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सात यंत्रं तपासली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. एकाच पडद्यावर, सारख्याच ठळक अक्षरांत दोन आकडे असतात आणि त्यांच्या खरेपणात एवढा फरक असतो. त्या आकड्यावर रात्रीचं जेवण ठरवणारे लोक मला भेटतात, मधुमेह असलेलेही भेटतात, आणि मला काळजी वाटते.

जाता जाता एक. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपनं २०१७ च्या अखेरीस जगभरच्या धावपटूंच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात अफगाणिस्तान, सीरियासारख्या ठिकाणी सैनिकांच्या तळांभोवतीच्या फेऱ्या चकाकत होत्या. आपण सैनिक नाही, पण आपण पहाटे किती वाजता घराबाहेर असतो हे आपल्या नोंदीतून कळतंच. वाट सर्वांना दिसणारी ठेवायची की नाही, ते अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ठरवा.

आता सुचण्याकडे येतो, आणि इथे चालण्याचं नातं सरळ आहे. स्टॅनफर्डमध्येच २०१४ साली एक अभ्यास झाला. माणसांना नेहमीच्या वस्तूंचे नवे उपयोग सुचवायला सांगितले. एकदा बसून, एकदा चालताना. चालताना सुचण्याचं प्रमाण सरासरी ६० टक्क्यांनी वाढलं. भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, म्हणजे श्रेय झाडापानांचं नव्हतं, चालण्याचं होतं. ज्या कोड्यांना एकच बरोबर उत्तर असतं त्यांत मात्र हा फायदा दिसला नाही. म्हणून लेखाचा विषय चालताना शोधावा, हिशेब बसून करावा.

प्रश्न उरतो तो धरून ठेवण्याचा. इथे आवाजावरून टंकलेखन ही मराठी माणसासाठी फार मोठी सोय आहे. फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा निवडा, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. ज्यांना देवनागरी टंकायचा कंटाळा म्हणून विचार इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवायची सवय लागली होती, त्यांना आता ती गरज नाही. स्वल्पविराम येत नाहीत, माणसांची आणि गावांची नावं बिघडतात, न आणि ण यांची अदलाबदल होते. त्यामुळे ती टिपणं त्याच दिवशी दुरुस्त करा. चार दिवसांनी स्वतःचंच वाक्य ओळखू येत नाही.

चारचौघांनी मिळून सुचवायचं असेल तेव्हा काय? अमेरिकेतल्या जाहिरात क्षेत्रातले अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत १९४० आणि ५० च्या दशकांत लोकप्रिय केली. टीका नंतर करा, वेडगळ कल्पनाही येऊ द्या, संख्येवर भर द्या, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. नियम सुंदर आहेत. पण १९५८ साली येल विद्यापीठात तपासलं तेव्हा आढळलं की चौघं एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना तेच काम वेगवेगळं बसून करणाऱ्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर मिळतात. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोब या संशोधकांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं. एक बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबलेले असतात, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. आपल्याकडच्या बैठकीत याला आणखी एक गोष्ट जोडा. गणेशोत्सवाच्या देखाव्याची चर्चा असते, अध्यक्ष पहिलं वाक्य बोलतात, आणि मग कोपऱ्यातली कॉलेजची मुलगी आपली कल्पना सांगतच नाही.

हे टाळायला साधन अगदी साधं पुरतं. सर्वांना एकाच वेळी लिहिता येईल अशी एक सामायिक फाईल उघडा. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, सर्वांनी लिहायचं, नाव घालायचं नाही. मग वाचायचं, मग बोलायचं. कागदावर हेच जर्मनीत १९६८ साली बेर्न्ड रोरबाख यांनी मांडलं होतं. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात १०८ कल्पना. रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची आभासी फळ्यांची अ‍ॅप्स मी पाहिली आहेत. शाळेच्या मुलांना ती आवडतात. मोठ्यांच्या बैठकीत मात्र पहिला अर्धा तास ती शिकण्यात जातो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला विचारावं का, असं तुमच्या मनात आलं असेल. विचारावं, पण आपलं लिहून झाल्यावर. २०२४ साली सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लघुकथा लिहिणाऱ्यांपैकी काहींना यंत्राच्या कल्पना दिल्या होत्या. त्यांच्या कथा वाचकांना सरस वाटल्या, पण त्या एकमेकींसारख्या होऊ लागल्या. देखाव्याची कल्पना आधी यंत्राला विचारणारी दहा मंडळं असतील तर दहांचे देखावे भावंडांसारखे दिसतील. आपल्या गल्लीचं, आपल्या ओढ्याचं, आपल्या बंद पडलेल्या गिरणीचं जे आहे ते आधी कागदावर येऊ द्या. मग यंत्राला विचारा की यात काय राहून गेलं. त्या कामात ते खरंच उपयोगी पडतं.

शेवटचा भाग ब्लॉगच्या देखभालीचा. लिहिण्यावर आपण प्रेम करतो, देखभाल मात्र कुणाला आठवत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२४ साली तपासलं तेव्हा २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती. लाखो लोकांची पानं सांभाळणारी जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली. मराठीत याच्या जोडीला आणखी एक नुकसान आहे. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं दाखवणारी प्रमाण पद्धत, रुळण्याआधी कितीतरी मजकूर अशा फाँटमध्ये लिहिला गेला की तो फाँट नसेल तर पडद्यावर नुसती निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. तुमच्या जुन्या संगणकात अशा फाईली असतील तर फाँट बदलून देणाऱ्या परिवर्तकातून त्या युनिकोडमध्ये आणा. काना-मात्रा आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून एकदा डोळ्यांखालून घाला. हे काम घरातल्या शाळकरी मुलांसोबत करता येतं, आणि आजोबांनी काय लिहिलं होतं हे त्यांना कळतं.

पानाच्या पत्त्याचंही आपल्याकडे वेगळं आहे. ब्लॉगर या ब्लॉग-सेवेवर देवनागरी मथळा दिला की पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एक आकडा येतो. वर्डप्रेस या दुसऱ्या सेवेत प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात आणि पत्त्याची मर्यादा दोनशेची, म्हणजे बाविसाव्या अक्षरचिन्हाच्या आसपास मथळा तुटतो. दोन्हीकडे पत्ता आपल्या हातानं, रोमन अक्षरांत, आटोपशीर लिहिता येतो. प्रसिद्ध करण्यापूर्वीच लिहा, कारण नंतर बदलला की लोकांनी जपून ठेवलेले जुने दुवे तुटतात.

तुटलेले दुवे शोधून देणारी फुकट साधनं आहेत. वर्षातून एकदा ती चालवा. ज्या बातमीचा किंवा लेखाचा दुवा तुम्ही देता तो त्याच दिवशी वेब पानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करा. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केलेला हा संग्रह सर्वांना खुला आहे. पत्ता टाकायचा, जतनाचं बटण दाबायचं. स्वतःच्या लेखांचंही करा.

आणि प्रत घ्या. ब्लॉगर, वर्डप्रेस दोन्हींत सगळं लेखन एका फाईलीत उतरवून घ्यायची सोय आहे. मात्र त्या फाईलीत मजकूर येतो, फोटो येत नाहीत. फोटोंचे फक्त पत्ते येतात, आणि मूळ सेवा बंद झाली की त्या पत्त्यांवर काही उरत नाही. म्हणून फोटोंचं फोल्डर वेगळं ठेवा. मजकुराची फाईल एका नव्या, रिकाम्या, खासगी ब्लॉगमध्ये चढवून बघा. लेख नीट दिसले, प्रतिक्रिया दिसल्या, तारखा बरोबर आल्या, तरच ती प्रत आहे असं धरा. या कामाला एक दुपार लागते. कुणाला अडलं तर व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे. फोन घेऊन या, बसून करू.