डॅकची घरघर: नवी केबल घेण्याआधी चार्जर काढून बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हापुन्हा आलाय: "दादा, डॅकसाठी यूएसबी केबल कुठली घेऊ?" (डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या गाण्याच्या आकड्यांचा अँप्लिफायरला चालणारा सिग्नल बनवणारा डबा.) काहींनी चांदीचा मुलामा दिलेल्या केबलींचे फोटोही पाठवलेत. आज उत्तर देतो. ते केबलच्या दुकानात मिळणारं नाही, म्हणून शेवटपर्यंत थांबा.

आधी नेहमीच्या गोष्टी भराभर उरकतो. लॅपटॉपमधून यूएसबीने डॅक, डॅकमधून लाल-पांढऱ्या आरसीए वायरने अँप्लिफायर, पुढे स्पीकर. डॅक 'असिंक्रोनस' असावा. म्हणजे ठेका डॅकच्या घड्याळाचा आणि कॉम्प्युटर त्याच्या मागे. हल्लीचे बहुतेक तसेच असतात. गाणी सीडीवरून उतरवलेली असतील तर ती 44.1 किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने. विंडोजमध्ये सेटिंग 48 वर राहिलं, तर प्रत्येक गाणं 147 ला 160 या प्रमाणात नव्याने मोजलं जातं. प्लेअरमध्ये 'वासापी एक्सक्लुझिव्ह' (विंडोजला मध्ये न घेता थेट डॅककडे जाण्याची सोय) निवडा, म्हणजे गाणं जसंच्या तसं जाईल. मॅकवाल्यांनी 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडून आकडा जुळवायचा. अँप्लिफायर आधी बारीक करा, मग लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त अँप्लिफायरवरच करा. झालं.

आता घरघरीकडे येऊ.

गाणं थांबवा आणि अँप्लिफायर नेहमीच्या जागेवर ठेवा. स्पीकरला कान लावा आणि माऊस हलवा. 'चिर्र चिर्र' येतंय? पान वरखाली केलं की बारीक शिट्टी वाजते? की नुसतीच सलग घरघर आहे? हे ऐकू आलं की लोक आधी केबल बदलतात, मग डॅक बदलतात. मीही तेच केलं होतं.

आमच्याकडे वडिलांच्या वेळचा अँप्लिफायर आहे. रात्री साडेदहानंतर गल्ली शांत झाली की मी ख्याल ऐकतो. सुरुवातीला नुसता तंबोरा सुरू असतो आणि त्याखाली ती घरघर. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून घरघरीत 50 आणि त्याच्या पटी असतात, 100, 150 अशा. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल, तर 100 हर्ट्झ बरोबर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधल्या फटीत पडतो. कुठल्याच रागात न बसणारा तो सूर एकदा कानाला लागला की तंबोरा ऐकवत नाही. मी दोन केबली बदलल्या, एक डॅक बदलला, काही फरक नाही. मग एका शुक्रवारी चार्जर ऑफिसमध्ये राहिला. लॅपटॉप बॅटरीवर होता. तंबोरा लावला आणि पहिल्यांदा त्याच्यामागची शांतता ऐकू आली.

[स्क्रीनवर: यूएसबी केबल कापून आतल्या चार तारा]

ही बघा, साध्या यूएसबी केबलमधल्या चार तारा. लाल 5 व्होल्टची, पांढरी आणि हिरवी डेटाची, काळी ग्राउंडची, म्हणजे विजेच्या परतीची. आपण सगळे पांढऱ्या-हिरव्याची काळजी करतो. त्या आपलं काम करत असतात. डेटा खरंच बिघडला तर यूएसबी ऑडिओमध्ये ते पाकीट पुन्हा मागवायची सोय नसते, त्यामुळे 'टक्' असा आवाज येतो किंवा गाणं तुटतं. वरचे सूर मऊ होणं, तबला भरदार होणं असलं काही डेटा बिघडून होत नाही. घोळ होतो त्या काळ्या तारेमुळे.

कसा ते सांगतो. तीन पिनांच्या चार्जरमधून लॅपटॉपचा ग्राउंड बहुतेक वेळा भिंतीतल्या अर्थला जातो. अँप्लिफायरही तीन पिनांचा असला की त्याचा ग्राउंडही तिथेच पोचतो. आता यूएसबी आणि आरसीए जोडल्या की एक गोल पूर्ण झाला: भिंत, चार्जर, लॅपटॉप, डॅक, अँप्लिफायर, पुन्हा भिंत. याला ग्राउंड लूप म्हणतात. या गोलातून किंचित प्रवाह वाहतो. त्यात विजेची घरघर असते आणि लॅपटॉपच्या आतली चिरचिरही असते. आरसीए वायरचं बाहेरचं जाळीदार आवरण हेच सिग्नलचा परतीचा रस्ता असतं. हा प्रवाह त्याच रस्त्याने जातो आणि अँप्लिफायर त्याला गाणं समजून मोठा करतो.

म्हणजे डॅकने आपलं काम चोख केलंय. कचरा शिरतो तो डॅकच्या पुढे, आरसीएमध्ये. म्हणून महागडी केबल घेऊन हा आवाज जात नाही. तिच्यातही काळी तार असतेच.

"डॅकला वेगळा पॉवर सप्लाय दिला तर?" हे किमान वीस जणांनी विचारलंय. त्याने फक्त लाल तारेचं काम सुटतं, काळी जोडलेलीच राहते. पॉवरवाला हब लावला तरी गोल तसाच.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी चार्जर काढा. आवाज गेला तर लूप सापडला. डेस्कटॉपवाल्यांनी तोच डॅक ओटीजीने मोबाईलला लावावा, मोबाईल चार्जिंगला न लावता.

एका प्रेक्षकाने लिहिलंय, "चार्जरची अर्थची पिन कापली, आवाज बंद." कृपा करून असं करू नका. आपल्या प्लगमध्ये अर्थची पिन मुद्दाम लांब असते, म्हणजे ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. 230 व्होल्ट लॅपटॉपच्या पत्र्यावर आले तर ते त्या पिनवाटे जायला हवेत. पिन नसेल तर वाट तुमच्या हातातून आहे. घरात लहान मुलं असतात. ज्यांनी कापली असेल त्यांनी आजच नवी वायर घ्या.

मग करायचं काय? लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. गोल आखूड झाला की पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि डॅकला ऑप्टिकल इनपुट, तर ते वापरा. त्यातून प्रकाश जातो, तांबं जोडलेलंच नसतं, गोल तिथेच तुटतो. नाहीतर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे डेटा पुढे जाऊ देऊन ग्राउंडची जोडणी तोडणारा छोटा डबा.

आयसोलेटर घेताना मात्र नीट वाचून घ्या, इथे बरेच जण फसलेत. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांत एडीयूएम 4160 ही चिप असते. तिचा वेग सेकंदाला 12 मेगाबिट. सीडीच्या गाण्याला लागतात 1.4 मेगाबिट, 24 बिट 96 किलोहर्ट्झला 4.6, तेवढं आरामात जातं. 192 किलोहर्ट्झ मात्र जाणार नाही आणि काही डॅक 12 मेगाबिटवर सुरूच होत नाहीत. त्यांना 480 मेगाबिटवाला लागतो, तो बराच महाग असतो. डब्यावर वेग लिहिलेला नसेल तर घेऊ नका.

आणि चार्जर काढूनही घरघर राहिली तर? माझ्या मावशीकडे तसंच झालं. लॅपटॉप काढला, डॅक काढला, आवाज तसाच. शेवटी टीव्हीच्या मागची केबलवाल्याची जाड वायर सोडवली आणि सगळं गप्प झालं. टीव्हीचा आवाज त्याच अँप्लिफायरला जोडलेला होता, आणि ती वायर गच्चीवरून दुसऱ्याच इमारतीचा ग्राउंड घेऊन येत होती. तेव्हा लॅपटॉपला दोष देण्याआधी अँप्लिफायरच्या मागची एकेक वायर काढून ऐका. अँप्लिफायर बंद करून काढायची, मग चालू करून ऐकायचं.

दोन पिनांच्या चार्जरवाल्यांचं थोडं वेगळं. पत्र्याच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या येतात ना, ती चार्जरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणारी वीज. तीही याच काळ्या तारेने डॅककडे जाते. कंपनीची तीन पिनांची वायर मिळत असेल तर ती लावून बघा.

आज रात्री हे करून बघा आणि खाली दोन गोष्टी लिहा: चार्जर किती पिनांचा, आणि तो काढल्यावर आवाज गेला की राहिला. राहिला असेल तर अँप्लिफायरला आणखी काय काय जोडलंय तेही लिहा. मी एकेक वाचून उत्तर देतो.