खुर्ची शाहू महाराजांच्या काळातली आहे का? आधी ती उलटी करा!

नमस्कार मंडळी. जुन्या गादीच्या खुर्चीचा फोटो आला की खाली प्रश्न ठरलेला असतो: "शाहू महाराजांच्या काळातली आहे का?" फोटो एकच, तोही समोरून. विटलेली मखमल, एक पाय हलणारा, आणि उत्तर हवं सालासकट. कोल्हापूरचे शाहू महाराज गादीवर आले १८९४ ला आणि गेले १९२२ ला. म्हणजे प्रश्न असा की खुर्चीनं शंभरी ओलांडलीय का. ते समोरून कुणालाच सांगता येणार नाही. खुर्ची उलटी करून चटईवर ठेवा.

लाकडाचं पटकन सांगतो. शिसवी जड, जांभळट तपकिरी, काळ्या रेघांची. सागवान सोनेरी तपकिरी, हाताला तेलकट लागणारं. दोन्ही आजही वापरात आहेत, त्यामुळं लाकडावरून वय ठरत नाही. घाटाचंही तसंच. आपल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचं काम १८८४ ला पुरं झालं. त्या काळचे वळणदार पाय आणि कोरीव पाठ आजचा सुतारही हुबेहूब काढून देतो. घाट एवढंच सांगतो की खुर्ची त्या घाटाच्या आधीची नाही.

आता मुद्द्याचं, आणि इथंच सगळे अडकतात. खुर्चीत दोन वयं असतात, एक चौकटीचं आणि दुसरं गादीचं. गादी माणसाच्या कपड्यासारखी बदलली जाते. कमेंटमध्ये रोज कुणीतरी लिहितं, "आत फोम निघाला, म्हणजे खुर्ची नवी." तसं नाही हो! पॉलियुरेथेन फोम बाजारात आला १९५० च्या दशकात. त्यावरून कळतं की गादी त्यानंतर भरली. चौकट तीस वर्षांची असेल, नाहीतर सव्वाशे वर्षांचीही असेल.

मग चौकट कशी वाचायची? खालून लावलेलं मांजरपाट किंवा काळं कापड मागच्या कोपऱ्यात सहा-सात इंचच सोडवा. पुढची बाजू अजिबात नको. कापड ज्या बारीक खिळ्यांनी ठोकलेलं असतं त्यांना चुका म्हणतात; बोथट पटाशी चुकेच्या डोक्याखाली घाला आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं हलके ठोका. आडवं ठोकलंत तर चौकटीच्या लाकडी पट्टीची कपची उडते. डोकं तुटलं तर दांडी तशीच राहू द्या, उकरू नका.

[क्लोज-अप: टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून, आडवा प्रकाश]

बघा, भोकं दिसतायत? ही मोजायची. इथं तीन ओळी आहेत, तिन्हींचं अंतर वेगळं, जुन्या भोकांची कड गंजानं काळी पडलीय. म्हणजे कापड किमान दोनदा बदललं. दोन-दोन बारीक भोकांच्या जोड्या दिसल्या तर ते स्टेपलर पिनांचं काम, बहुतेक १९५० नंतरचं. जुनी म्हणून विकलेल्या खुर्चीत एकच ओळ, तीही पिनांची, आणि लाकूड आतून ताजं पिवळसर असेल, तर पैसे देण्याआधी थांबा.

आणि एक गैरसमज मला मनापासून खटकतो: "भोक चौकोनी, म्हणजे हातानं घडवलेला खिळा, म्हणजे शंभर वर्षं." गादीकामाच्या चुका आजही चौकोनी दांडीच्या मिळतात. चौकोनी भोकानं काहीही सिद्ध होत नाही.

हेच आता स्क्रूवर लावून बघा. अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो, तो १९३० च्या दशकातला. तो दिसला की लोक खुर्ची बाद करतात. स्क्रू काढा आणि भोक बघा. शेजारी रिकामं जुनं भोक असेल, किंवा त्या स्क्रूनं बसवलेल्या लोखंडी पट्टीखालचं लाकूड आजूबाजूसारखंच मळलेलं असेल, तर स्क्रू दुरुस्तीचा. पट्टीखाली लाकूड स्वच्छ आणि भोक एकच असेल, तर स्क्रू मूळचा, आणि खुर्ची १९३० च्या आधीची असूच शकत नाही.

तिसऱ्यांदा सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं. वय ठरवणारा भाग म्हणजे मूळ भागांपैकी सर्वांत नवा. नंतर घातलेले भाग आधी बाजूला काढा, मगच साल बोला.

गादीत काय काय सापडतं? गोल स्प्रिंगा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास दिसतात. नागमोडी सपाट स्प्रिंगा १९३० च्या दशकापासून. काथ्या, कापूस, घोड्याचे केस हे जुनं भरण, पण काथ्या अजूनही भरतात. तपकिरी, कडक, बोटात चुरा होणारा थर निघाला तर तो लॅटेक्स फोम असण्याची शक्यता जास्त, म्हणजे १९३० च्या दशकाच्या पुढचा. त्याची धूळ उडते, तोंडाला रुमाल बांधा.

आपल्याकडची खास खूण वेगळीच. चौकटीच्या आतल्या कडेनं बोटाबोटावर सारख्या अंतराची आरपार भोकं दिसली, तर ती वेताच्या विणकामाची. आपल्या हवेत वेताची बैठक सोयीची. वेत तुटला की वर गादी ठोकायची. म्हणजे तुमची गादीची खुर्ची मुळात गादीची नव्हतीच!

करवतीच्या खुणांबद्दल सावध राहा. गोलाकार ओरखडे म्हणजे यंत्राची गोल करवत. पण सरळ ओरखडे म्हणजे फार जुनी, हा परदेशी व्हिडिओतला नियम इथं चालत नाही. आपल्याकडं हातकरवत विसाव्या शतकातही चालत होती.

झीज कुठं आहे तेही बघा. हाताच्या टोकांना, पुढच्या आडव्या दांडीवर, मागच्या पायांच्या तळाला असेल तर ती वापराची. सगळीकडं सारखीच घासलेली असेल तर ते काम पॉलिश पेपरचं.

तर फोटो पाठवताना पाच पाठवा: उलटी खुर्ची, भोकांची ओळ शेजारी फूटपट्टी ठेवून, एक स्क्रू काढून त्याचं टोक, भरणाची चिमूट, आणि मागच्या पायाचा तळ. चिमूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुर्चीलाच बांधून ठेवा. आणि तोवर पॉलिशवाल्याला बोलावू नका.