तेल प्यालेली माती

विषय ठरलाय, ‘दिवाणखान्यातले तेलाचे जुने रांजण : पारख आणि मांडणी’. पारखीवर येतोच. आधी रोममधल्या एका टेकडीवर जाऊन येऊ.

मोन्ते तेस्ताच्चो तिचं नाव. उंची सुमारे ३५ मीटर. ती नुसत्या खापरांची आहे! प्राचीन रोमन काळातले पाच कोटींच्या आसपास तेलाचे कुंभ तिथे फोडून रचलेत. बहुतेक दक्षिण स्पेनमधून आलेले, एकेकात ७० लिटरच्या घरात ऑलिव्हचं तेल. तेल काढून घेतलं की कुंभ फोडायचा. का? आतून झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, नाही. माती तेल पिते, प्यालेलं तेल खवट होतं, त्यात नवं तेल कोण भरणार? वास मारू नये म्हणून खापरांवर चुना टाकत. लोणच्याची बरणी चिनीमातीची का, हे पहिल्या रांगेतल्या काकू माझ्यापेक्षा बरं सांगतील. (हशा)

त्या कुंभांवर वजन, व्यापाऱ्याचं नाव असं शाईनं लिहिलेलं असे. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ड्रेसेल यांनी ते चिकाटीनं वाचलं. आज त्या कुंभाच्या घाटाला ‘ड्रेसेल २०’ म्हणतात. फुटक्या मडक्याला का होईना, आपलं नाव लागावं, हेवा वाटतो मला!

नेवाशालाही भूमध्य समुद्राकडच्या कुंभांची खापरं निघाली आहेत. पण तिकडून आपल्याकडे आलेले कुंभ बरेचसे दारूचे, तेव्हा ते आज राहू द्या. आणि हो, ग्रीक कथेतली ती पेटी, उघडली नि जगभर संकटं पसरली, तिला ‘पॅंडोराची पेटी’ म्हणू नका. मूळ ग्रीक शब्द पिथोस, म्हणजे रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस नावाच्या विद्वानानं लॅटिनमध्ये त्याची पेटी केली. तेव्हापासून रांजणावर अन्याय चालूच आहे. परवा एका हॉटेलात बघितलं, चांगल्या जुन्या रांजणात प्लॅस्टिकचं गवत खोचलेलं! मॅनेजरला विचारलं, यात काय साठवत असत? म्हणाला, “सर, डेकोरेशन.”

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. तर पारख. फ्रान्समधल्या ब्योत (Biot) गावचा रांजण असेल तर आत डोकावा. आत आणि ओठावर पिवळसर झिलई, बाहेर कोरडी माती. झिलईमुळे तेल मुरत नसे, म्हणून रांजण पिढ्यान्पिढ्या वापरात राहिला आणि तुमच्या-माझ्यापर्यंत पोचला. रोमचा टेकडीवर गेला, हा घरात आला, फरक एवढाच. क्रीटमधल्या थ्राप्सानोचा असेल तर बाहेरचे पट्टे बघा : चाकावर एक कडं चढवायचं, ते जरा सुकलं की पुढचं. शेवाळ बघून मात्र भुलू नका, दही फासूनही ते आणता येतं.

मांडणी? एकटाच ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, तिरप्या उजेडात. धुऊन-पुसून चकचकीत करू नका, डाग राहू द्यात. आणि दिव्यासाठी बुडाला भोक पाडणार असाल, तर कृपा करा, वायर तोंडातून सोडा.