कान आधी परत येतो

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने बोलायला सांगितलं तेव्हा विषय माझ्यावर सोपवला होता, आणि मी क्षणभरही न थांबता म्हणाले, ड्रम्स. नेमकं सांगायचं तर, बरीच वर्षं सुटलेले ड्रम्स पुन्हा वाजवायला घेणं. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचं एखादं वाद्य असंच मागे राहिलंय, हे मला तुमच्याशी झालेल्या गप्पांमधून ठाऊक आहे. कुणाची गिटार, कुणाची पेटी, कुणाची बासरी. आज मला मुख्यतः त्यांच्याशीच बोलायचंय.

तरुणपणी मी मन लावून वाजवायचे. मग नोकरी आली, संसार आला, देश बदलला आणि वाजवणं बंद पडलं. कुणी अडवलं नव्हतं. वाद्य बहुधा असंच सुटतं. एक आठवडा राहून जातो, मग महिना जातो, आणि कुणी विचारलं की आपण भूतकाळात उत्तर द्यायला लागतो, "हो, वाजवायचे मी." पन्नाशी उलटल्यावर मला ते उत्तर नकोसं झालं.

एकच गोष्ट आज ठासून सांगते. परतताना कान आधी परत येतो आणि हात फार मागून येतात. मधल्या त्या काळातच बहुतेक माणसं वाद्य पुन्हा खाली ठेवतात, कारण आपलं वाजवणं आपल्यालाच ऐकवत नाही. मला त्यांना सांगायचंय की ऐकवत नाही, याचा अर्थ तुमचा कान तयार आहे. वाजवत नव्हतात त्या वर्षांत तुम्ही ऐकत तर होतात. गाडीत, मैफलीत, रात्री हेडफोन लावून. विशीत मी गाणं ऐकताना फक्त मोठे आघात आणि जोरदार फिल, म्हणजे ठेक्याच्या मधे घेतलेले छोटे तुकडे, टिपायचे. आता त्याच गाण्यांत मला स्नेअरवरचे, म्हणजे समोरच्या छोट्या खणखणीत ड्रमवरचे, घोस्ट नोट्स ऐकू येतात. ज्यांना ड्रम्सची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन ठळक आघातांच्या मधे स्टिक जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उचलून वाजवलेले हे अगदी हलके आघात असतात. एकेकटे ते लक्षातही येत नाहीत, पण काढून टाकले तर ठेका कोरडा पडतो. हे मला कुणी शिकवलं नाही. वाजवणं थांबलेलं असताना माझा कान ते आपोआप शिकला.

हात पूर्ण विसरतात असंही नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पूर्ण विसरलो असं वाटणाऱ्या अर्थहीन अक्षरांच्या याद्याही दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्याने मोजून दाखवलं. तो शब्दांच्या पाठांतराबद्दल बोलत होता. शरीराने शिकलेल्या गोष्टी तर त्याहून चिवट असतात. लहान मेंदू आणि बेसल गँग्लिया या मेंदूतल्या भागांच्या आधाराने बसलेल्या हालचाली वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून पहिल्या दिवशी सेटवर बसलं की साधा ठेका जवळजवळ आपणहून सुरू होतो. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे एकमेकींवर बसवलेल्या झांजांच्या जोडीवर, डावा स्नेअरवर, उजवा पाय किकवर, म्हणजे पॅडलने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर. कोणी कधी पडायचं, हे तिघांच्याही लक्षात असतं.

जातं ते वेगळंच. दम जातो. सफाई जाते. मनगटाचा सैलपणा जातो, आणि डावखुरे नसाल तर डावा हात उजव्यापेक्षा खूपच मागे पडलेला असतो. मेंदूला चाल आठवते, पण ती चालवणारे दंडाखालचे स्नायू आणि कंडरा दुसऱ्याच कामांत गेलेल्या असतात. स्नायू तुलनेने लवकर सावरतात, कंडरांना जास्त वेळ लागतो. म्हणून जुना वेग अंगात आल्यासारखा वाटला तरी सुरुवातीच्या काळात त्याच्या मागे धावू नका. थोडा वेळ वाजवा, रोज वाजवा. मनगटात टोचल्यासारखं दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर स्टिक खाली ठेवा, आणि ते थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता सेटबद्दल, कारण परतण्याची माझी खरी सुरुवात तिथेच झाली. मी वापरलेला सेट घेतला. त्याच्या स्नेअरच्या हेडवर, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्यावर, मधोमध खड्डे पडले होते आणि आवाज पत्र्यासारखा येत होता. ड्रम कीने, म्हणजे स्क्रू फिरवायच्या किल्लीने, कडेचे दहाही स्क्रू सैल केले, रिंग उचलली, जुनं हेड काढलं. शेलची, म्हणजे ड्रमच्या गोल सांगाड्याची, कड बोट फिरवून तपासली. तिला कुठे टवका गेलेला असेल तर हेड सरळ बसत नाही. मग नवं हेड ठेवून सगळे स्क्रू आधी नुसत्या बोटांनी आवळले, आणि त्यानंतर किल्लीने समोरासमोरच्या जोड्या घेत अर्धा-अर्धा फेरा. ओळीने आवळत गेलं तर हेड एका बाजूला ओढलं जातं. त्यानंतरचं काम खरं नाजूक. प्रत्येक स्क्रूपासून दोन-तीन सेंटिमीटर आत हलकी टिचकी मारायची आणि दहाही ठिकाणचा स्वर एक होईपर्यंत किल्ली किंचित फिरवत राहायचं. त्या संध्याकाळी मी एकही ठेका वाजवला नाही, तरी मनातून मी पुन्हा ड्रमर झाले होते, कारण हे सगळं कानाचं काम होतं आणि कान चुकत नव्हता.

जुना सेट पाहून घाबरणाऱ्यांना एक सांगते. पूर्वी ही हेड वासराच्या कातड्याची असत आणि हवा दमट झाली की सैल पडत. १९५७ च्या सुमारास पॉलिस्टरच्या पातळ पटलाची हेड बाजारात आली आणि तो त्रास संपला. आजही बरीचशी हेड त्याच पदार्थाची असतात. वरचं सर्वसाधारण एकपदरी हेड पाव मिलिमीटर जाडीचं असतं. स्नेअरच्या खालचं तर त्याच्याही एक तृतीयांशाहून पातळ, म्हणून त्याला हात लावताना जपायचं. शेल धड असेल तर हेड बदलून सेट पुन्हा उभा राहतो.

रियाज कसा करायचा, हे पुष्कळ जण विचारतात. सावकाश. हे उत्तर कंटाळवाणं वाटतं, पण सावकाश वाजवणं ड्रम्सवर सोपं नाही, उलट जास्त अवघड आहे. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र, मिनिटाला १२० ठोक्यांवर असेल तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो. ६० वर एक सेकंद आणि ४० वर दीड सेकंद. त्या दीड सेकंदात आधाराला काहीच नसतं आणि लय आपली आपल्यालाच सांभाळावी लागते. घाई असेल तर ती तिथे लगेच उघडी पडते. मी रबरी पॅडवर पॅराडिडल घेऊन बसते. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आधी तोंडाने म्हणायचं, मग हाताने. तोंडाला नीट म्हणता येत नसेल तर हाताला येणार नाही. पाश्चात्त्य ड्रमवादनात अशा पायाभूत आघातरचनांना रुडिमेंट्स म्हणतात. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ मध्ये केलेल्या यादीत त्या ४० आहेत. परतणाऱ्याला त्यातल्या चार-पाच पुष्कळ झाल्या. बाकीच्या मागाहून येतील.

आणि स्टिक घट्ट धरू नका. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधे तिला डोलायला जागा ठेवा, बाकीची बोटं नुसती लागून असू द्या. आघात झाला की हेड स्टिकला आपणहून वर फेकतं, आपण फक्त तिच्या आड यायचं नाही. रश या कॅनडाच्या बँडचे नील पिअर्ट यांचं जगभर नाव झालेलं होतं, तरी १९९४ च्या सुमारास ते फ्रेडी ग्रूबर या ज्येष्ठ शिक्षकांकडे नव्याने शिकायला गेले. ग्रूबर यांचा सगळा भर दोन आघातांच्या मधे हात हवेत कसा फिरतो यावर असे. पुढे पिअर्ट यांच्यावर फार वाईट वेळ आली. १९९७ मध्ये मुलगी अपघातात गेली आणि दुसऱ्या वर्षी पत्नी. त्यांनी वाजवणं सोडलं, मोटरसायकलवर हजारो किलोमीटर फिरत राहिले, आणि २००२ मध्ये बँडबरोबर पुन्हा मंचावर आले. त्यांच्या दुःखाशी आपल्या कारणांची तुलना मी करत नाही. एवढंच सांगायचंय की इतक्या मोठ्या वादकालाही आधी कधीतरी विद्यार्थी होऊन बसावंसं वाटलं होतं.

बिल ब्रुफर्ड यांचं उदाहरण मला आणखी जवळचं वाटतं. येस आणि किंग क्रिमसन या बँडचे ड्रमर. २००९ मध्ये त्यांनी जाहीर वादन थांबवलं, सरे विद्यापीठातून डॉक्टरेट केली, आणि दहाहून जास्त वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, गिटारवादक पीट रॉथ यांच्या जॅझ त्रिकुटात ते पुन्हा ड्रम्सवर बसले. आणि डेफ लेपर्ड या बँडचे ड्रमर रिक अ‍ॅलन. ३१ डिसेंबर १९८४ च्या मोटार अपघातात त्यांचा डावा हात गेला. डाव्या हाताचं काम त्यांनी डाव्या पायाला शिकवलं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक पॅडल असलेला सेट बनवून घेतला, आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या महोत्सवात वाजवलं. मी त्यांचं वादन ऐकते तेव्हा मला पटतं की ठेका हातात नसतोच. तो आत कुठेतरी असतो आणि मिळेल त्या अवयवातून बाहेर येतो.

आता आवाजाचं. शेजारी हा आपल्या सगळ्यांचाच प्रश्न आहे. जाळीच्या हेडचा इलेक्ट्रॉनिक सेट आणि हेडफोन यांनी तो बराच सुटतो, पण पूर्ण नाही. किकच्या पॅडलचा धक्का जमिनीतून खाली जातो आणि खालच्या मजल्यावर चांगला ऐकू येतो. दोन प्लायवुडच्या फळ्यांमधे टेनिसचे चेंडू बसवून त्यावर सेट मांडला की तो खूप कमी होतो. हा उपाय जगभरचे ड्रमर करतात आणि तो खरोखर चालतो.

कानांची काळजी मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याविषयीच्या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास ही मर्यादा, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हिशेब केला तर १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. खरा ड्रमसेट जोरात वाजवला तर तिथवर सहज पोचतो. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात. ते सगळे स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे झांजांची चकाकी जात नाही. ज्या कानाच्या जोरावर आपण परत आलो तो दुसऱ्यांदा मिळत नाही. इअरप्लग न लावता मी आता सेटवर बसत नाही, आणि माझ्याबरोबर वाजवणाऱ्यालाही बसू देत नाही.

एवढं सगळं सांगितलं तरी एकट्याने पॅडवर बसून परतणं अर्धंच होतं. मोबाइलवर स्वतःचं वाजवणं ध्वनिमुद्रित करून ऐका. बहुतेक वेळा असं दिसेल की फिल संपवून ठेक्यावर येताना लय किंचित पुढे पळते. हे कळतं, सुधारताही येतं. पण लय धरून ठेवणं म्हणजे काय ते दुसरं माणूस समोर असल्याशिवाय उमगत नाही. गायक ओळ ताणतो, जरा मागे रेंगाळतो, आणि आपल्याला त्याच्यासाठी थांबायचं नसतं, त्याला हवं तेव्हा परत येता यावं म्हणून सम जागेवर ठेवायची असते. तरुणपणी मला वाटायचं की गाण्यात माझी पाळी फिलला येते. आता सगळ्यात जास्त आनंद मला अशा जागी होतो, जिथे मी काहीही वेगळं करत नाही आणि गाणाऱ्याला निर्धास्त वाटतं. हा आनंद त्या वयात मला कळलाच नसता, त्यासाठी मधली वर्षं लागली असावीत.

आपल्या मंडळात गाणारे भरपूर आहेत, गिटारवाले आहेत, कीबोर्डवर दोघं-तिघं आहेत. मला आता बास गिटार वाजवणारं माणूस हवंय. किक आणि बास एकत्र पडल्याशिवाय बाकीच्यांना पायाखाली जमीन मिळत नाही. सध्या वाजवत असाल तर उत्तमच, आणि "वाजवायचो" म्हणणारे असाल तर आधी मला तुम्हीच हवे आहात. रविवारी सकाळी सभागृह मोकळं असतं, सचिवांशी बोलून ठेवलंय. स्टिक्स आणि जादा इअरप्लग मी आणते.