बंद लखोट्यातला हुकूम

(दृश्य : लक्ष्मी रस्त्यावरील एक सराफी पेढी. लाल मखमलीवर ठेवलेली नथ.)

लग्नसराईच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या पेढीत थोडा वेळ बसले, तर बसरा हे नाव कानावर पडतेच. आजीची नथ नव्याने गाठवून घ्यायला आलेली बाई सराफाला आवर्जून सांगते की मोती अस्सल बसऱ्याचे आहेत, ते बदलू नका. आणि सराफ डोळ्याला भिंग लावून एकेक मोती बोटांत फिरवून पाहतो. इराणच्या आखातात निघणारे हे मोती आजच्या इराकमधल्या बसऱ्याच्या बाजारातून आपल्याकडे येत, म्हणून त्यांना त्या शहराचे नाव मिळाले. मराठी घरांत हे शहर दागिन्यांच्या डब्यातून पोहोचले. आपली माणसे त्या शहरात कशासाठी पोहोचली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

(दृश्य : जुना नकाशा. मुंबईहून आखाताकडे सरकणारी रेषा.)

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून एक लष्करी ताफा निघाला. त्यातल्या काही जहाजांवर ब्रिटिश हिंदी फौजेच्या सहाव्या डिव्हिजनची एक ब्रिगेड होती. या डिव्हिजनचे ठाणे पुण्यात होते आणि तिला पूना डिव्हिजन असेच म्हणत. तिच्या तीन ब्रिगेडी पुणे, अहमदनगर आणि बेळगाव या छावण्यांच्या नावांनी ओळखल्या जात. त्या दिवशी निघालेली ब्रिगेड पुण्याची होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ब्रिगेडियर डेलामेन यांच्याजवळ एक बंद लखोटा दिलेला होता आणि तो समुद्रात गेल्यावर उघडायचा होता. कुठे जायचे आणि कशासाठी जायचे, याचे उत्तर त्या लखोट्यात होते.

हुकूम असा होता की इराणमधल्या अबादान येथील तेलशुद्धीकरण कारखाना, तेलाच्या टाक्या आणि तेलवाहिनी यांचे रक्षण करावे, मागून फौज आलीच तर तिला उतरण्यासाठी जागा मोकळी ठेवावी, आणि तिथल्या अरब प्रमुखांना ब्रिटिशांच्या पाठिंब्याची खात्री पटवावी. २३ ऑक्टोबरला ही ब्रिगेड बहरीनला पोहोचली. ब्रिटनने तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध जाहीर केले ते ५ नोव्हेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी आखाताच्या टोकाशी फाव येथे फौज किनाऱ्यावर उतरली. या तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात अशी आमची प्रेक्षकांना विनंती आहे, कारण युद्ध जाहीर होण्याच्या जवळजवळ दोन आठवडे आधी पुण्याची माणसे आखातात येऊन थांबली होती.

अबादानचा कारखाना कोणाचा होता, हे कळल्याशिवाय या घाईचा उलगडा होत नाही. २६ मे १९०८ रोजी इराणात मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले. त्या शोधाला पैसा पुरवला होता बर्मा ऑइल या कंपनीने, आणि आपल्या आजोबांच्या पिढीला घासलेटच्या डब्यावरून पाठ असलेल्या ‘बर्माशेल’ या नावातला बर्मा तो हाच. त्या विहिरींमधून अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली. ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होते आणि इंग्लंडच्या जमिनीत कोळसा मुबलक असला, तरी आरमाराला पुरेल एवढे तेल नव्हते. म्हणून आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी १७ जून १९१४ रोजी पार्लमेंटमध्ये या कंपनीत सरकारी भांडवल घालण्याचा प्रस्ताव मांडला आणि २२ लाख पौंडांना ५१ टक्के हिस्सा ब्रिटिश सरकारच्या मालकीचा झाला. पहिल्या महायुद्धाला निमित्त ठरलेला सारायेव्होचा खून त्यानंतर अकरा दिवसांनी झाला. ज्या कारखान्याच्या रक्षणाला आपले शिपाई गेले, त्याचा बहुतांश मालक त्यांना पाठवणारे सरकारच होते, आणि ही गोष्ट शिपायांना सांगण्याची कोणाला गरज वाटली असेल असे आम्हांला वाटत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सगळे तेलासाठीच झाले, असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे सोपे असते, पण ते पुराव्याला धरून नाही. नोव्हेंबर १९१४ मध्येच बसरा हाती आले. पुढच्या फेब्रुवारीत स्थानिक टोळ्यांनी तेलवाहिनी तोडली, ती जूनपर्यंत पुन्हा सुरू झाली आणि कारखाना सुरक्षित राहिला. तरीही जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली पूना डिव्हिजनला तैग्रिसच्या काठाने थेट बगदादच्या दिशेने पुढे ढकलण्यात आले. यामागे तेलापेक्षा साम्राज्याची पत राखण्याची, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेतली नामुष्की झाकण्याची ओढ अधिक होती. तेलाने या मोहिमेची सुरुवात समजते, कूतचा वेढा समजत नाही.

कूत-अल-अमारा या गावात ७ डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस ही फौज अडकून पडली. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी, अशा तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खायला सुरुवात झाली, आणि अनेक हिंदी शिपायांनी ते मांस खाण्यास नकार दिला. धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. विमानातून पिठाची पोती टाकण्यात आली, दळण्यासाठी जात्याचे दगडही वरून टाकले, आणि त्यांतले काही नदीत आणि काही तुर्कांच्या रेषेत पडले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यानंतरच्या वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्कांच्या कैदेत हजारो मेले.

पुढच्याच वर्षी, ११ मार्च १९१७ रोजी, दुसऱ्या सेनानीच्या हाताखाली बगदाद पडले. त्या सेनानीच्या, म्हणजे जनरल मॉड यांच्या नावाने तिथे जाहीरनामा लावण्यात आला की आमच्या फौजा जेते किंवा शत्रू म्हणून आलेल्या नाहीत, त्या मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. लखोट्यात तेलवाहिनी होती आणि भिंतीवर मुक्ती होती. १९१८ च्या उन्हाळ्यात युद्धमंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांनी परराष्ट्रमंत्री बालफोर यांना लिहिले की इराण आणि मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या तेलावर ताबा हे ब्रिटनचे पहिल्या प्रतीचे युद्धोद्दिष्ट ठरते. आणि ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानाशी शस्त्रसंधी झाल्यावरही ब्रिटिश फौजेने पुढे सरकून उत्तरेचे मोसूल घेतले. चार वर्षांनी, तुर्कस्तानाशी अंतिम तह ठरवणाऱ्या लोझानच्या परिषदेत लॉर्ड कर्झन मोसूलवर हक्क सांगत असताना, आपल्या मागणीशी तेलाचा काही संबंध नाही असेच सांगत होते. खुद्द हँकींचे पत्र तेव्हा सरकारी दप्तरात बंद होते. १९२७ च्या ऑक्टोबरात किर्कुकजवळ बाबा गुरगुर येथे तेलाचा फवारा उडाला, आणि पुढच्या वर्षी बड्या कंपन्यांनी नकाशावर तांबडी रेघ ओढून आपापसांत वाटणी पक्की केली.

(दृश्य : २००३ मधील बगदादचे छायाचित्र.)

मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या फौजा इराकमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांनी सांगितलेले कारण महासंहारक शस्त्रांचे होते. ती शस्त्रे सापडली नाहीत. एप्रिलमध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात असताना तेल मंत्रालयाच्या इमारतीभोवती अमेरिकी रणगाडे उभे होते, आणि लोकांच्या मनातला संशय त्या एका चित्राने जितका पक्का झाला, तितका कोणत्याही भाषणाने झाला नसता. युद्धाआधी, ६ फेब्रुवारी २००३ रोजी, ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी तेलाच्या कारस्थानाची गोष्ट दूरचित्रवाणीवर हास्यास्पद ठरवली होती. मात्र माहितीच्या अधिकारातून मिळालेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली कागदपत्रे दाखवतात की २००२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर ब्रिटिश मंत्री आणि अधिकारी तेल कंपन्यांच्या प्रतिनिधींना भेटत होते, आणि एका टिपणात परराष्ट्र खात्याने नोंदवले होते की इराक ही तेलाची मोठी संधी आहे आणि तिथे शिरायला ही कंपनी उतावीळ आहे. ती कंपनी होती बीपी, म्हणजे अबादानचीच जुनी अँग्लो-पर्शियन.

आपला देशही त्या वेळी दारात उभा होता. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे सुमारे एक डिव्हिजन फौज मागितली, उत्तर इराकचा भाग सांभाळण्यासाठी. फौज पाठवली तर पुनर्बांधणीची कंत्राटे मिळतील, असा युक्तिवाद तेव्हा दिल्लीत उघडपणे केला जात होता. हेतू शोधायचे तर आपल्या घरातलेही शोधावे लागतात. १४ जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज पाठवता येणार नाही असे जाहीर केले. कूतनंतर ८७ वर्षांनी पुन्हा एक भारतीय डिव्हिजन तैग्रिसच्या काठी जाता जाता राहिली, आणि त्या निर्णयाबद्दल आम्हांला आजही कृतज्ञता वाटते.

संशयाच्या बाजूने एवढे पुरावे असताना, त्याच्या विरुद्ध जाणारेही सांगायला हवे. ३० जून २००९ रोजी इराकने आपल्या तेलक्षेत्रांचा लिलाव दूरचित्रवाणीवर थेट दाखवला. बसऱ्याच्या पश्चिमेचे रुमैला हे सर्वांत मोठे क्षेत्र बीपीला मिळाले खरे, पण तिच्या जोडीला चीनची सरकारी कंपनी होती, आणि ते मिळाले वाढीव उत्पादनाच्या प्रत्येक पिंपामागे दोन डॉलर मेहनतान्यावर, मालकीवर नव्हे. अमेरिकी एक्सॉनने त्याच क्षेत्रासाठी जास्त दर मागितला होता आणि दोन डॉलरवर यायला ती तयार झाली नाही. ज्यांनी तेलासाठी युद्ध केले असेल, त्यांना हवे होते तसे ते मिळाले नाही.

(दृश्य : खडकीची युद्ध स्मशानभूमी. सकाळ. माळी गवत कापत आहे.)

आम्ही खडकीला गेलो ते त्या शिपायांची नावे शोधायला. तिथे १९१४ ते १९१८ चा नामफलक आहे, पण तो ज्यांची थडगी भारत आणि पाकिस्तानात आहेत त्यांच्यासाठी. मेसोपोटेमियात पडलेल्यांचे स्मारक बसऱ्याला आहे. तिथे ४० हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते स्मारक शहराबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर वाळवंटात हलवण्यात आले. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली आहेत. बहुतेक हिंदी शिपायांसाठी पलटणीचे नाव आणि त्याखाली केवळ आकडा आहे.