पन्नाशीनंतरचं लग्न आणि घरातली माणसं

नमस्कार मंडळी.

मंडळाने मला विषय दिला तो मध्यमवयातल्या नव्या सुरुवातीचा. त्यात नोकरी सोडून काढलेला व्यवसाय येतो, मुलं बाहेर पडल्यावर लावलेला गाण्याचा क्लास येतो. मी मात्र घरातल्या एका बदलाबद्दलच बोलणार आहे, कारण तो विषय निघाला की आपला आवाज खाली येतो. मी बावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलं. मुलीचे बाबा जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. घरात मी, मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई आजही माझ्याकडेच असतात. आताच्या माझ्या पतींचा मुलगा तुमच्या मंडळाचा सभासद आहे, त्याच्याच घरी आम्ही सध्या मुक्कामाला आहोत.

आम्ही कोथरूडचे. कर्वे पुतळ्यावरून रोजचं जाणं-येणं. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांची पस्तिशी जवळ आली होती. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या होत्या. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. पुढे १८९६ चा आश्रम, १९१६ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी महिला विद्यापीठ, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. माझं मन मात्र त्यांच्या घरात जातं. मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा. आई जाऊन दोन वर्षं झालेली, आणि घरात नवी आई आली. तिकडे अण्णासाहेबांच्या गावाने, मुरुडने, या जोडप्याला वाळीत टाकलं आणि तो ताप गावातल्या घरच्यांनीही भोगला. निर्णय दोघांचा, झळ सगळ्यांना. आम्हाला कोणी वाळीत टाकलं नाही, पण लग्न दोघांचं झालं तरी घर सगळ्यांचं बदलतं, हे तसंच आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की घरच्यांशी आधी बोला, आणि बोलताना काही झाकून ठेवू नका. पैसाअडका, जागा, खोल्या, सगळं बोला.

मी सगळ्यात आधी सासूबाईंना सांगितलं. मुलीच्याही आधी, कारण गेला तो त्यांचा मुलगा होता. दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं, जुडी संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "मी कुठे राहायचं?" ना रडल्या, ना लोक काय म्हणतील हे काढलं. ऐंशीच्या घरातल्या बाईचा तो अगदी सरळ प्रश्न होता आणि त्याला सरळच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "आई, तुमच्याच खोलीत. ते आपल्याकडे राहायला येतील, आपण कुठे जायचं नाही." हे आमचं दोघांचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून मला शब्द देता आला. ठरलेलं नसतं तर मी तो विषय त्या दिवशी काढलाच नसता.

मुलीचं अवघड गेलं. ती तेव्हा बंगळुरूला नोकरीला लागली होती. फोनवर म्हणाली, "तुझं आयुष्य आहे आई, तू ठरव." हे वाक्य ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्यात दार लावून घेतल्याचा आवाज असतो. दिवाळीला घरी आली तेव्हा खरा प्रश्न बाहेर पडला: "बाबांचं कपाट काढणार का?" त्या कपाटात त्यांचे दोन स्वेटर, रेल्वेची जुनी वेळापत्रकं, तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांची फाइल. कपाट आहे तिथेच राहिलं. माझ्या पतींनी आपले कपडे पॅसेजमधल्या कपाटात लावले, कुरकुर न करता. त्यांच्याबद्दलचा माझा आदर लग्नाआधी होता त्याहून त्या दिवशी वाढला. मुलगी त्यांना काका म्हणते. बाबा म्हणावं असा आग्रह कोणी धरला नाही, धरूही नये. जवळीक आली ती तिच्या गाडीच्या विम्याचे कागद दोघांनी मिळून निस्तरताना.

आता मिळकतीचं. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या लग्नाला वाट करून दिली, पण पहिल्या पतीच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर तसं नाही. पतीच्या पश्चात वाट्याला आलेला हिस्सा पुढे लग्न केलं तरी बाईचाच राहतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलं आणि आई हे सगळे सारखे वारस. म्हणजे आमच्या फ्लॅटमध्ये माझा, मुलीचा आणि सासूबाईंचा प्रत्येकी एक तृतीयांश. हे आम्ही चौघांनी एकत्र बसून वाचलं. शिवाय मी मृत्युपत्र केलं, कारण ते नसतं तर माझ्या पश्चात माझा हिस्सा मुलगी आणि माझे पती यांच्यात वाटला गेला असता, आणि आम्हा दोघांनाही तो मुलीलाच जावा असं वाटत होतं. त्यांनीही आपलं केलं. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. कागद झाले आणि घरातलं दबकं बोलणं थांबलं.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलं. तीस दिवसांची नोटीस, मग तीन साक्षीदार. पहिली सही सासूबाईंनी केली, चष्मा पुसून, पूर्ण नाव लिहून.

तुमच्यातल्या अनेकांचे आई किंवा वडील पुण्यात एकटे आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी फोनवर म्हणालं की मला सोबत हवी आहे, लग्न करायचं आहे, तर तुमच्या मनात फ्लॅटचा प्रश्न येईल. येऊ दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो उघड विचारा, कागदावर आणा. पण त्याच फोनवर हेही विचारा की संध्याकाळी सातनंतर ते काय करतात, कोणाशी बोलतात, जेवतात की दूध पिऊन झोपतात. बाईंना कामाला ठेवलंय, सीसीटीव्ही लावलाय, हे या प्रश्नाचं उत्तर नाही. आणि ज्यांची स्वतःचीच पन्नाशी आली आहे, जोडीदार गेला आहे किंवा वेगळा झाला आहे, त्यांनी मुलांच्या परीक्षा, मग मुलांची लग्नं, मग नातवंडं असं पुढे पुढे ढकलू नये. मुलं मोठी होतातच, आणि आपलं वय त्यांच्यासाठी थांबत नाही.

नोटिशीचा अर्ज, मृत्युपत्राचा आमचा मसुदा, दोन्ही मी सोबत आणले आहेत. चहाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलापाशी बसेन. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांनी तिथे यावं.